पांढरा कोट

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला लागलं की जंगल सुरू होतं. याच वाटेवर शोधग्राम आहे, ‘सर्च’ या आरोग्य संस्थेचा परिसर. फाटकातून आत शिरलं की आधी देऊळ दिसतं, माता दंतेश्वरीचं. दवाखाना त्यानंतर.

आता दवाखान्यात देऊळ कशाला?

साल १९८६. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकून गडचिरोलीत आले आणि त्यांनी ‘सर्च’ सुरू केली. सुरुवातीचं संशोधन होतं सिकलसेलवर. हा आनुवंशिक आजार. यात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. अभ्यास झाला, पण गावात कुणाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. अभय बंग हे पुढे स्वतःच सांगत आले: विषय डॉक्टरांच्या आवडीचा होता, लोकांनी तो मागितला नव्हता. आपली चूक अशी चारचौघांत सांगणारे डॉक्टर तसे विरळाच.

मग माडिया-गोंड आदिवासींच्या गावांमध्ये बसून विचारलं, तुम्ही दवाखान्यात का येत नाही?

भीती वाटते, लोक म्हणाले. एवढ्या मोठ्या इमारतीची भीती वाटते. पेशंटला आत ठेवून घेतात, घरच्यांना बाहेर काढतात. आणि ते पांढरे कपडे! मेलेल्या माणसाला पांढऱ्या कापडात गुंडाळतात; तेच अंगावर घालून फिरणारे लोक जीव कसा वाचवणार? शिवाय तिथे आपली देवीही नाही.

डॉक्टरला पांढऱ्या कोटात स्वच्छता दिसते. समोरच्याला त्याच कोटात मसण दिसत होतं. छापील प्रश्नावलीत हे कुठल्या रकान्यात भरणार?

ऐकलं, आणि मग बांधलं. म्हणून इथे लांबलचक वॉर्ड नाहीत. गावातल्या घरांसारख्या झोपड्या आहेत, पेशंटसोबत घरची माणसंही तिथेच राहतात. दवाखान्याला नाव दिलं देवीचंच: माँ दंतेश्वरी दवाखाना.

देवीची जत्रा भरते. तिच्यासोबत आदिवासी आरोग्य संसदही. गावोगावचे लोक एकत्र बसतात आणि आपल्याला कोणता आजार जास्त छळतो ते सांगतात. त्यांनी नाव घेतलं मलेरियाचं. सर्चने मग मलेरियाचं काम हाती घेतलं.