शाळा बांधली कुणी, चालवतंय कोण

श्रोतेहो, नमस्कार.

नायजेरियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, लागोसच्या किनाऱ्यापासून वर अबेओकुटा, इबादान, इले-इफेपर्यंत आणि त्याच्याही पलीकडं पसरलेला मुलूख योरुबा भाषा बोलणाऱ्यांचा. तिथल्या कुठल्याही जुन्या गावात गेलात, तर प्राथमिक शाळांच्या पाट्या वाचा. सेंट पीटर्स प्रायमरी स्कूल. बॅप्टिस्ट डे स्कूल. ए. यू. डी. प्रायमरी स्कूल. एल. ए. प्रायमरी स्कूल. यांतल्या बहुतेक शाळा आज सरकारी आहेत. शिक्षक सरकारचे, पगार सरकारचा. पाटीवर मात्र मूळ मालकाचं नाव तसंच राहिलंय: कुठं मिशन, कुठं मुस्लिम संस्था, कुठं स्थानिक प्रशासन. आज मला बोलायचंय ते याच मालकीबद्दल.

सुरुवात बडाग्रीची. हे एके काळी गुलामांच्या व्यापाराचं बंदर. तिथं मेथॉडिस्ट मिशननं १८४३ च्या सुमारास शाळा काढली. ब्रिटिश राज्य यायच्या कितीतरी आधी. याच काळात सॅम्युअल अजायी क्राउदर हे नाव पुढं येतं. १८२१ मध्ये लहान वयात पकडून विकला गेलेला हा योरुबा मुलगा, ब्रिटिश आरमारानं जहाज अडवल्यामुळं सुटला, सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनला शिकला आणि १८६४ मध्ये बिशप झाला. योरुबा भाषा रोमन लिपीत लिहिती करण्यात त्याचा मोठा वाटा. थोडक्यात, अक्षर आलं ते धर्माचं बोट धरून.

आणि गोची तिथंच होती. शाळेत घालायचं म्हणजे पोरगं चर्चच्या हवाली करायचं, ही भीती मुसलमान घरांना होती, आणि योरुबांमध्ये मुसलमान काही थोडेथोडके नाहीत. यातून १९२३ मध्ये लागोसला अन्सार-उद-दीन ही संस्था निघाली. मगाशी सांगितलेल्या पाटीवरचं ए. यू. डी. म्हणजे हीच. धर्म न सोडता इंग्रजी शाळा, एवढं साधं मागणं. एकाच कुटुंबात एक भाऊ मशिदीत आणि दुसरा चर्चमध्ये, असं तिथं सर्रास दिसतं. त्यामुळं या चढाओढीला भांडणाचं रूप क्वचितच आलं. गावागावांत शाळा मात्र वाढल्या.

मिशन नाव द्यायचं, शिक्षक द्यायचं. जागा आणि अंगमेहनत बहुतेक वेळा गावाची. लागोस-इबादानला नोकरीधंद्याला गेलेल्या लोकांची आपापल्या गावाची मंडळं असत. मुंबईच्या चाळींतून कोकणातल्या गावासाठी वर्गणी निघायची ना, तशीच ही. शेजारच्या गावात शाळा झाली आणि आपल्यात नाही, ही गोष्ट फार बोचायची. माझ्या मते योरुबा शिक्षणाचा अर्धा इतिहास या ईर्ष्येनं घडवला. धोरणांच्या पुस्तकात तिला जागा मिळत नाही, एवढंच.

मग आलं १९५५. योरुबा मुलूख तेव्हा नायजेरियाच्या पश्चिम प्रांतात होता. या प्रांताचे प्रमुख ओबाफेमी अवोलोवो, त्यांचे शिक्षणमंत्री अवोकोया. १७ जानेवारी १९५५ पासून प्राथमिक शिक्षण मोफत. आदल्या वर्षी शाळेत साडेचार लाख मुलं होती, त्या वर्षी आठ लाखांवर गेली. श्रोतेहो, एका वर्षात! वर्ग नाहीत, बाकं नाहीत, शिकवायला माणसं नाहीत. जेमतेम शिकलेल्या पोरांनाच मास्तर करून उभं केलं.

त्यात मुलांचं वय कसं ठरवायचं? जन्मदाखले बहुतेकांकडं नव्हतेच. यावर तिथं एक झकास उपाय रूढ होता. मुलानं उजवा हात डोक्यावरून पलीकडं न्यायचा आणि डाव्या कानाला लावायचा. बोटं कानाला लागली तर सहा वर्षांचा, या आत. नाही लागली, तर पुढच्या वर्षी या. कितीतरी पोरं मान वाकडी करून, खांदा उचलून कान गाठायचा प्रयत्न करायची आणि मास्तर मान सरळ करायला लावायचे. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या योरुबा माणसाला शाळेचं पहिलं वर्ष विचारा, तो हात डोक्यावर नेऊनच सांगायला लागेल.

पैसा आला कोकोतून. जगाच्या बाजारात कोकोला तेव्हा चांगला भाव होता. पण तेवढ्यानं भागेना, म्हणून लोकांवर नवा कर बसवला, आणि लोक भडकले. शेतात हाताशी येणारं पोर शाळेत जाणार, वर कर पण आम्हीच भरायचा? १९५४ च्या केंद्रीय निवडणुकीत अवोलोवोंच्या पक्षाला आपल्याच प्रांतात मार बसला. दोनच वर्षांनी, १९५६ च्या प्रांतिक निवडणुकीत, त्याच लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. मधल्या काळात पोरं वाचायला लागली होती. नेत्यानं अशी जोखीम घेतल्याची उदाहरणं कमीच. आपल्याकडं शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात सक्तीचं मोफत शिक्षण आणलं, पण त्यांना निवडणूक लढवायची नव्हती.

पुढं तेलाचा पैसा आला. १९७० च्या दशकात सरकारनं मिशनच्या शाळाही ताब्यात घेतल्या, आणि १९७६ मध्ये देशभर मोफत प्राथमिक शिक्षण जाहीर झालं. हेतू चांगला होता. पण छप्पर उडालं की गाव म्हणायला लागलं, सरकार बघेल. सरकारला बघायला वेळ नव्हता. लागोसमध्ये गर्दी एवढी, की शाळा पाळ्यांमध्ये भरायच्या. १९७९ मध्ये गव्हर्नर झालेल्या लतीफ जकांडे यांनी लांबच्या लांब, बुटक्या शेड उभ्या करून पाळ्या बंद केल्या. विरोधकांनी त्यांना कोंबड्यांची खुराडी म्हणून हिणवलं. पण त्या खुराड्यांत मुलं सकाळी बसत होती, हेही खरं.

या सगळ्या गदारोळात एक काम शांतपणे झालं. १९७० मध्ये इफे विद्यापीठाच्या बाबाटुंडे फाफुन्वा यांनी इले-इफेला खेटून असलेल्या मोडाकेके गावातली एक मिशनची शाळा निवडली, सेंट स्टीफन्स. रिवाज असा, की पहिली तीन वर्षं योरुबा आणि चौथीपासून सगळं इंग्रजीत. फाफुन्वांनी एका गटाला सहाही वर्षं योरुबातून शिकवलं, गणित आणि विज्ञानसुद्धा. इंग्रजी हा वेगळा विषय, आणि त्याला चांगला तयार शिक्षक. दुसरा गट जुन्या पद्धतीनं.

योरुबात गणित म्हणजे काय, तेही ऐका. आपण एकोणीस म्हणजे विसाला एक कमी म्हणतो. त्यांची वजाबाकी पंधरापासूनच सुरू होते: विसाला पाच कमी. पंचेचाळीस म्हणजे पन्नासला पाच कमी, आणि ते पन्नास म्हणजे तीन विसांना दहा कमी. शिवाय विज्ञानाच्या संज्ञा नव्यानं घडवायच्या, पुस्तकं नव्यानं लिहायची.

निकाल असा आला, की योरुबातून शिकलेली मुलं इतर विषयांत सरस ठरलीच, शिवाय इंग्रजीतही मागं पडली नाहीत. जगभर हा प्रयोग आजही सांगितला जातो. फाफुन्वा पुढं देशाचे शिक्षणमंत्री झाले. तरी प्रयोग प्रयोगच राहिला.

कारण आई-बापांचा हिशेब वेगळा आहे आणि त्यांना नावं ठेवणं मला जमत नाही. योरुबा घरात येतंच, पोट इंग्रजीवर चालतं, असं ते म्हणतात. सरकारी शाळेची काय गत, तेही त्यांना दिसतं. २००८ मध्ये, योरुबा लोकवस्ती मोठी असलेल्या क्वारा राज्यात, सुमारे १९ हजार शिक्षकांना चौथीच्या पातळीची परीक्षा दिली. किमान पातळी गाठणारे निघाले फक्त ७५. मग भाजी विकणारी बाईसुद्धा गल्लीतली खाजगी शाळा शोधते. २०१० च्या सुमारास लागोस राज्यात अशा खाजगी शाळा मोजल्या, तर १२ हजारांच्या वर भरल्या. गावानं एकत्र मिळून शाळा बांधण्याची जुनी सवय आता एकेका घरानं फी भरण्यात मुरली आहे. मला हे नुकसान वाटतं.

सरकारनं शाळा समित्या काढून गावाला पुन्हा आत ओढायचा प्रयत्न केला आहे. मुख्याध्यापक, पालक, गावचा प्रमुख म्हणजे बाले, बायकांच्या गटाची प्रतिनिधी, माजी विद्यार्थी असे सगळे त्यात बसतात. कुठं कुंपण होतं, कुठं विहीर, कुठं नुसत्या सह्या. जिथं बाहेर गेलेला माजी विद्यार्थी जीव लावून लक्ष घालतो, तिथं काम दिसतं.

भाषेचं म्हणाल, तर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं सहा वर्षं मातृभाषेतून शिकवण्याचं धोरण मंजूर केलं. मोडाकेकेनंतर पन्नास वर्षांनी! नोव्हेंबर २०२५ मध्ये ते रद्दही झालं. मातृभाषेमुळं परीक्षांचे निकाल बिघडतात, असं कारण मंत्र्यांनी दिलं. मोडाकेकेत पुस्तकं आधी लिहिली होती, शिक्षक आधी तयार केले होते. इथं कागद निघाला आणि कागदानंच मागं घेतला. आता हुकूम इंग्रजीचा आहे. तरी योरुबांच्याच एकिटी राज्यातल्या एखाद्या खेड्यात पहिलीच्या पोराला हातचा समजला नाही, तर बाई त्याला योरुबातच समजावणार. साहेब तपासणीला आले, की तेवढा वेळ इंग्रजीत.

नमस्कार.