खुर्ची तीच, मोजमाप वेगळं

बाई प्रमुख असली की माणसं सांभाळते, पुरुष असला की काम रेटून नेतो. हे आपण इतक्या वेळा ऐकतो की तपासून बघावंसंही वाटत नाही.

१९९० साली मानसशास्त्रज्ञ ॲलिस ईगली आणि ब्लेअर जॉन्सन यांनी ते तपासलं. तोवरचे अभ्यास त्यांनी एकत्र मांडले. अनोळखी माणसांना प्रयोगशाळेत बसवून त्यांच्यातलाच कुणी गटप्रमुख झाला, की हा फरक दिसायचा. खऱ्या संस्थांतल्या व्यवस्थापकांमध्ये मात्र तो जवळजवळ नव्हताच. निवड होऊन, जबाबदारी पेलत तिथवर आलेली ही माणसं. त्यांना घडवलं होतं त्या पदानं.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे दिसली. निर्णय घेताना इतरांना सोबत घेण्याकडे स्त्रियांचा कल थोडा जास्त होता, हुकूम सोडण्याकडे कमी.

हा उपजत स्वभाव आहे का? घाई नको. १९९२ मध्ये ईगली आणि सहकाऱ्यांनी आणखी काही प्रयोगांचा आढावा घेतला. त्यांत प्रमुखाचं वागणं अगदी तेच ठेवलं होतं. बदलत होतं ते एवढंच, की प्रमुख स्त्री आहे की पुरुष. बघणाऱ्यांनी प्रमुखाला दिलेल्या एकूण गुणांत फरक किरकोळ पडला. पण वागणं हुकमी असलं, की स्त्रीचे गुण जास्त घसरायचे. गुण देणारे पुरुष असले, की तेव्हाही ते जास्त घसरायचे. सगळ्यांना विचारून निर्णय घेणारी बाई कदाचित मनापासून तशी असेल. पण दरडावण्याची किंमत तिला जास्त मोजावी लागते, हेही तिनं केव्हाच ओळखलेलं असणार. मला हे दुसरं कारण फार वजनदार वाटतं.

आणि परिणामकारकता? २०१४ साली ९५ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. सगळे आकडे मिळून स्त्री-पुरुषांत फरक नव्हता. मग संशोधकांनी गुण कुणी दिले, त्यानुसार आकडे वेगळे केले. वरिष्ठ, सहकारी, हाताखालची माणसं, अशा इतरांनी दिलेल्या गुणांत स्त्रिया पुढे होत्या. स्वतःच स्वतःला दिलेल्या गुणांत पुरुष पुढे होते.

बढती ठरवणाऱ्या टेबलावर उमेदवारानं स्वतःबद्दल लिहिलेला कागद असतो. त्याच्या हाताखाली काम केलेल्यांचं मतही त्याच टेबलावर, निर्णयाच्या आधी यायला हवं.