मध्यरात्रीचं गाणं आणि सकाळची तक्रार

श्रोतेहो, सलाम.

आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं, तेही पहाटे साडेचारला. पावणेपाचपर्यंत धार बरी असते. मग खालच्या मजल्यावरचे काका नळाला मोटर लावतात आणि आमच्या नळातून नुसती हवा येते. त्या मंगळवारी कळशी अर्धीच भरली होती. मी तणतणत जिन्याकडे निघालो, तर समोर भिंतीवर चर्चचं कॅलेंडर. त्यावर ठळक अक्षरांत बायबलचं वचन, ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा.’ म्हणजे देवाचे आभार माना. हे कॅलेंडर नेमकं मोरीच्या तोंडाशी कोणी टांगलं, देव जाणे.

खरं सांगतो, त्या क्षणी वचनाचाच राग आला. सर्व स्थितीत म्हणे! लिहिणाऱ्याच्या घरी नळाला चोवीस तास पाणी असणार.

पण लिहिणारा पौल होता, येशूची सुवार्ता गावोगावी सांगत फिरणारा प्रेषित. हे वचन ज्या पत्रात आहे, ते त्यानं थेस्सलनीका गावच्या मंडळीला इ. स. ५० - ५१ च्या सुमारास लिहिलं. त्या गावी तो पोचला होता तो फिलिप्पैहून मार खाऊन. फिलिप्पै म्हणजे मासेदोनियातलं शहर, आजच्या उत्तर ग्रीसमधलं. तिथं चौकशी न करताच भर चौकात त्याचे आणि त्याचा सोबती सीला याचे कपडे फाडले, छड्या मारल्या, पाय खोड्यात अडकवून आतल्या कोठडीत टाकलं. आणि मध्यरात्री हे दोघं गाणी गात होते. बाकीचे कैदी कान देऊन ऐकत होते.

पुढं भूकंप होतो, दारं उघडतात, आणि आमचे बहुतेक उपदेश तिथंच थांबतात. मला मात्र त्यानंतरची सकाळ जास्त आवडते. अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, सोडून द्या त्यांना. पौल हलेना. आम्ही रोमी नागरिक, आम्हाला उघडपणे मारलंत आणि आता गुपचूप घालवता काय? त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. रोमी नागरिकाला चौकशीविना मारायला कायद्यानं बंदी होती. अधिकारी घाबरले, आले, विनवण्या करून त्यांना बाहेर घेऊन गेले. रात्री ज्या तोंडानं गाणं म्हटलं, त्याच तोंडानं सकाळी तक्रार केली. उपकारस्तुती म्हणजे मुकाट सोसणं, असं आपल्याला कोणी शिकवलं कोण जाणे. पौलानं तर नाही.

तक्रार आपोआप आठवते, तिला कॅलेंडर लागत नाही. उपकार मात्र विसरायला होतात. म्हणून तर बायबलमधल्या १०३ व्या स्तोत्राचा कर्ता स्वतःच्याच जिवाला बजावतो, देवाचे उपकार विसरू नकोस म्हणून. त्यात आपली मराठी माणसाची आणखी एक अडचण. घरच्या माणसाचे आभार मानले की त्याला परकं केल्यासारखं वाटतं. ‘आभार कसले मानतोस?’ म्हणून तो उलट आपल्यालाच झापतो.

यावर माझ्या आईनं आपली वाट काढली आहे. तिनं बायकोच्या भाकरीचं तोंडावर कौतुक केलेलं मी एकदाही ऐकलेलं नाही. पण जेवणाआधी डोळे मिटले की सुरू होते: ‘प्रभू, सुनेच्या हातच्या या मऊ भाकरीबद्दल तुझी उपकारस्तुती. टाकी तिसऱ्या मजल्यावर चढवून देणाऱ्या त्या पोराला सांभाळ. आज लाइट गेली नाही, तेही तुझेच उपकार.’ भाजी गार होते, मुलं एक डोळा उघडून ताटाकडे बघतात. बायको मान खाली घालून हसते. आमच्या घरातले सगळे आभार असे वरून फिरून येतात.

त्या मंगळवारी आईनं मला जिन्यातच गाठलं. ‘भांडायचं तर भांड, पण आधी अर्धी कळशी भरली ना, तिचं काहीतरी म्हण.’ मी पुटपुटलो. मनापासून होतं असं नाही म्हणणार. मग खाली गेलो आणि आवाज न चढवता, पण स्पष्ट सांगितलं, ‘काका, मोटर सव्वापाचनंतर लावा. आम्हीही पाणीपट्टी भरतो.’ काका जरा घुटमळले, मग हो म्हणाले.

दोन आठवडे त्यांनी पाळलंही. परवा पुन्हा पावणेपाचलाच खालून घरघर सुरू झाली. आई म्हणाली, ‘जाऊन ये खाली. आणि जाताना ही वाटीभर चटणी ने, काकूंना आवडते.’

सलाम.