मायनर म्हणून लिंगभाव अभ्यास : मुख्य विषयाला विचारायचे प्रश्न

(पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, सहकारी प्राध्यापक आणि वेळ काढून आलेले पालकहो,

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीची जी रचना महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली, तिच्यात मुख्य विषयाच्या जोडीला एक मायनर विषय निवडावा लागतो. तीन वर्षांत त्याच्या वाट्याला १८ ते २० श्रेयांक (क्रेडिट) येतात. तासिकांच्या एका श्रेयांकाला १५ तास धरले, तर हा सारा व्यवहार पावणेतीनशे-तीनशे तासांचा होतो. एवढ्या तासांत कोणी कोणत्याही विषयात पारंगत होत नाही. आपल्या मुख्य विषयात आजवर कोणते प्रश्न विचारलेच गेले नाहीत, हे ओळखण्याची सवय मात्र तेवढ्या काळात लागू शकते, आणि लिंगभाव अभ्यास (म्हणजे ‘जेंडर’चा, बाई किंवा पुरुष असण्याला समाज जो अर्थ देतो त्याचा अभ्यास) मायनर म्हणून घ्यायचा तो यासाठीच, असे माझे मत आहे. म्हणूनच संख्याशास्त्र, वाणिज्य, अर्थशास्त्र, भूगोल या विषयांच्या ज्या विद्यार्थ्यांना हा विषय आपला वाटतच नाही, त्यांना उद्देशून मी आज अधिक बोलणार आहे. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्याची ओळख मुख्य विषयातच थोडीफार होते. त्यांनी माझ्या बोलण्याचा राग मानू नये.

आकड्यांपासूनच सुरुवात करते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळ-वापर सर्वेक्षण केले. सहा वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींनी आदल्या दिवशी पहाटे चारपासून पुढच्या पहाटे चारपर्यंत काय काय केले, याची नोंद त्यात अर्ध्या-अर्ध्या तासाच्या टप्प्यांनी घेण्यात आली. स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट अशा घरच्या बिनपगारी कामांवर स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे घालवतात, हा त्याचा निष्कर्ष वर्तमानपत्रांतून बराच फिरला. स्त्रिया पुरुषांच्या तिप्पट काम करतात, असा मथळा त्यातून सहज तयार होतो. परंतु ही सरासरी कोणाची, हे संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारायला हवे. ती फक्त त्या दिवशी असे काम ज्यांनी केले त्यांची आहे. असे काम करणाऱ्या स्त्रिया ८१.२ टक्के होत्या आणि पुरुष २६.१ टक्के. ज्यांनी त्या दिवशी घरातल्या कामाला हातच लावला नाही, त्यांचे शून्य हिशेबात धरले, तर स्त्रियांची सरासरी साधारण २४३ मिनिटांवर आणि पुरुषांची अवघ्या २५ मिनिटांवर येते. म्हणजे तिपटीचे प्रमाण साडेनऊ पटींच्या पुढे जाते. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही एकाच तक्त्यातून निघतात. कोणता पुढे ठेवायचा हे ठरवताना गणित येऊन भागत नाही. घरकामाची मूळ वाटणी कशी होते, याची जाणीवही लागते.

याच सर्वेक्षणात विहिरीवरून पाणी आणणे आणि सरपण गोळा करणे ही कामे घरकामाच्या रकान्यात मोजलेली नाहीत. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार ती ‘स्वतःच्या वापरासाठी केलेले उत्पादन’ या वेगळ्या सदरात जातात. त्यामागे तर्क आहे, तो चुकीचाही नाही. पण हंडा डोक्यावर घेऊन येणाऱ्या बाईच्या दिवसाचे असे दोन तुकडे होतात, हे ठाऊक नसलेला अभ्यासक ग्रामीण भागातील घरकामाविषयी बोलताना चुकणारच. २०२४ च्या फेरीत घरकाम करणाऱ्यांच्या सरासरीचे आकडे २८९ आणि ८८ मिनिटे असे आले. स्त्रियांचा वेळ दहा मिनिटांनी घटला याचे कौतुक झाले. पुरुषांचाही नऊ मिनिटांनी घटला होता. दोहोंमधील अंतर २०२ मिनिटांवरून २०१ वर आले. पाच वर्षांत एक मिनिट.

दुसरे उदाहरण आपल्या मातीतले आहे आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे बीड आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मजुरांची टोळी जमवणारा मुकादम त्यांना आधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि हंगामभर ती कामातून फेडून घेतो. या व्यवहारात मजूर एकेकटा मोजला जात नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. उचल कोयत्यावर ठरते, बोली बहुधा नवऱ्याशी होते आणि मजुरी तोडलेल्या टनावर मिळते. ऊस तोडला जातो, त्याच्या मोळ्या बांधल्या जातात, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहून नेल्या जातात. यातला मोठा वाटा बाई उचलते, शिवाय पहाटे उठून खोपीवर भाकरी थापते आणि पोरेही सांभाळते. तिने एका हंगामात किती टन ऊस वाहिला, याचा आकडा कोणत्याही वहीत सापडणार नाही, कारण हिशेबाचे एककच जोडप्याचे आहे. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने साखर कारखान्याचा ताळेबंद वाचताना तोडणी-वाहतुकीच्या खर्चाच्या ओळीवर थांबून हा प्रश्न विचारला, तर त्याच्या मायनरचे सार्थक झाले असे मी म्हणेन.

कामाला खाडा पडला तर पैसे कापले जातात. मासिक पाळी, गर्भारपण, अंगावरचे दुखणे यांना या पद्धतीत जागा नाही. २०१९ मध्ये बीडमधील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी झाली आणि राज्य सरकारला समिती नेमावी लागली. त्या वेळी चर्चा प्रामुख्याने डॉक्टरांभोवती फिरली, आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु खाड्याचा दंड, फडावर नसलेले शौचालय, मुलीचे लवकर लावलेले लग्न (कारण मागे ठेवायला सुरक्षित जागा नाही आणि लग्न झाले की एक पूर्ण कोयता तयार होतो) आणि तालुक्याच्या गावातला खाजगी दवाखाना ही एकच साखळी आहे. अर्थशास्त्र तिची एक कडी पाहते, वैद्यकशास्त्र दुसरी, कायदा तिसरी. या कड्या एकमेकींत कशा अडकल्या आहेत, हे शोधणे लिंगभाव अभ्यासाचे काम.

भूगोलाच्या विद्यार्थ्यांसाठी एवढेच सांगते की महाराष्ट्रात शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ झाली. एकट्या बीड जिल्ह्यात ती ८९४ वरून ८०७ वर घसरली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, कायदा करणारे हेच राज्य. जिल्हानिहाय नकाशा काढा आणि त्यावर सिंचन, दरडोई उत्पन्न आणि सोनोग्राफी केंद्रे यांचे थर एकावर एक ठेवा. दारिद्र्य आणि अज्ञान यांमुळे मुली नकोशा होतात, हे शाळेच्या निबंधातले वाक्य त्या नकाशापुढे टिकत नाही. सुपीक पट्ट्यातील कोल्हापूर २००१ मध्ये फार खाली होते आणि आदिवासी वस्ती मोठी असलेला गडचिरोली जिल्हा कितीतरी वर.

हा विषय पाश्चात्त्य देशांतून आला, अशी एक समजूत आहे. विद्यापीठातील विभाग म्हणून त्याचा प्रवास, जो ‘स्त्री अभ्यास’ या नावाने सुरू झाला, खरोखरच अलीकडचा आहे. स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय समितीने १९७४ च्या अखेरीस आपला अहवाल दिला आणि १९०१ मध्ये ९७२ असलेले स्त्री-पुरुष प्रमाण १९७१ मध्ये ९३० वर आले, हे सरकारपुढे मांडले. स्वातंत्र्यानंतरच्या प्रगतीवर निःशंक विश्वास ठेवणाऱ्या अभ्यासकांना तो मोठा धक्का होता. त्याच वर्षी मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री अभ्यासाचे केंद्र सुरू झाले. १९८१ ची पहिली राष्ट्रीय परिषदही तेथेच भरली आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या साहाय्याने ठिकठिकाणी केंद्रे उभी राहिली, त्यांत पुणे विद्यापीठाचेही.

प्रश्न मात्र याहून जुने आहेत आणि ते मराठीत विचारले गेले आहेत. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली, ती सुरतेतील एका विधवेवर चाललेल्या खटल्याने आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर उठलेल्या झोडीने पेटून. जोतीराव फुल्यांनी ताराबाईंची बाजू घेतली. नंतर ते पुस्तक विस्मरणात गेले आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. नव्वद वर्षे एक पुस्तक वाङ्मयेतिहासाच्या नजरेतून निसटते कसे, हा मराठीच्या विद्यार्थ्याला पुरेल एवढा प्रकल्प आहे. ताराबाईंचे पुस्तक आले त्याच दशकात, १८८० नंतर, मुंबईच्या उच्च न्यायालयात रखमाबाईंचा खटला उभा राहिला. बालपणी लावून दिलेल्या लग्नातील नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, असे त्यांनी सांगितले आणि १८८७ मध्ये न्यायालयाने नांदणे किंवा तुरुंग असा पर्याय दिला, तेव्हा तुरुंगाची तयारी दाखवली. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी हा खटला वैवाहिक हक्कांच्या आजच्या तरतुदींशेजारी ठेवून वाचावा.

मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ताराबाई, रखमाबाई, पंडिता रमाबाई अशी नावे ओळीने घेतली की स्त्रियांचा इतिहास पूर्ण झाला असे वाटू लागते. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’त १८५५ मध्ये छापून आला, म्हणजे या सर्वांच्या कितीतरी आधी. तिच्या लेखनात बाळंतपणाची वेदना आहे आणि ती जातीपासून वेगळी काढता येत नाही, कारण डोक्यावर छप्पर नसताना, थंडीवाऱ्यात बाळंत होणाऱ्या स्त्रीचे दुःख ती सांगते. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी पुण्याच्या स्त्री अभ्यास केंद्रात फुले-आंबेडकरी विचारांच्या आधारे अध्यापनाची जी दिशा आखली, तिचा आग्रह नेमका हा होता : दलित स्त्रियांचे अनुभव अभ्यासक्रमाच्या शेवटी पुरवणीसारखे जोडून चालत नाही, त्यांच्यामुळे अभ्यासाचा पायाच पुन्हा घालावा लागतो. एखाद्या महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमात जात हा शब्द फक्त शेवटच्या घटकात येत असेल, तर तो अभ्यासक्रम कच्चा आहे असे खुशाल समजा.

मुलांनी हा विषय घ्यावा का, असे मला नेहमी विचारले जाते आणि विचारणारे बहुतेक वेळा मुलांचे वडील असतात. लिंगभावाचा अभ्यास हा पुरुषांचाही अभ्यास आहे. शेती तोट्यात गेल्यावर ‘कर्ता’ म्हणवल्या जाणाऱ्या माणसावर काय दडपण येते, नोकरी नसलेल्या मुलाचे लग्न का अडते, रडणारा मुलगा घरात चेष्टेचा विषय का होतो, हे प्रश्न याच वर्गात चर्चेला येतात. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांसंबंधीचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आणि समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढणारा २०१८ चा निकालही तेथे वाचले जातात. वर्गात मुले असली की चर्चा अवघड होते, हे मान्य. ती व्हावी तशी होते, असेही माझे निरीक्षण आहे.

नोकरीविषयी मोघम आश्वासने देणार नाही. १८ श्रेयांकांच्या मायनरवर कोणी नोकरी देत नाही. पदव्युत्तर शिक्षण याच विषयात घेतले, तर स्त्री अभ्यासात प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा (नेट) देता येते. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती बंधनकारक आहे आणि मनुष्यबळ विभागात जाणाऱ्याला त्या कायद्यामागचा विचार समजत असेल तर त्याचा उपयोग होतो. सामाजिक संस्था, पत्रकारिता, सर्वेक्षणाची कामे येथेही तो होतो. याहून अधिक सांगितले तर ती जाहिरात होईल.

धोका वेगळाच आहे. सोपे गुण मिळतात म्हणून हा विषय घेणारे विद्यार्थी आणि ८ मार्चचा कार्यक्रम पार पडला की विषय शिकवून झाला असे मानणारे विभाग, या दोघांमुळे तो पातळ होतो. म्हणून प्रवेशापूर्वी अभ्यासक्रम मागून घ्या. त्यात मूळ मराठी लेखन वाचायला आहे का, क्षेत्रकार्य आहे का, आणि मुख्य विषयाशी जोडलेला प्रकल्प करण्याची मुभा आहे का, हे पाहा. मुभा असेल तर आपल्याच घरातील एका दिवसाची वेळ-नोंद करून सुरुवात करता येईल. फक्त ती नोंद काम करणाऱ्या व्यक्तीला विचारून, तिच्या संमतीने करा, स्वतःच्या अंदाजाने भरू नका. आणि विज्ञान शाखेतील ज्या विद्यार्थिनीने आत्ताच हात वर केला, तिला सांगते : आंतरविद्याशाखीय मायनरला धोरणाची हरकत नाही, पण आपल्या महाविद्यालयाच्या यादीत तो उपलब्ध असावा लागतो. नसेल तर खुला ऐच्छिक विषय म्हणून दोन-चार श्रेयांकांपुरता तो मिळतो का, याची चौकशी कर. आणि पाच-दहा जणांनी मिळून प्राचार्यांकडे लेखी मागणी द्या, कारण अशी यादी दरवर्षी नव्याने ठरते आणि मागणीचा कागद पुढ्यात असला की ती ठरवणाऱ्यांनाही विचार करावा लागतो.