तीन मिनिटांची ओपीडी

(दृश्य: जिल्हा रुग्णालय, केसपेपरची खिडकी)

सकाळचे पावणेनऊ. रांग खिडकीपासून वळसा घेऊन जिन्यापर्यंत गेलीय. बरीच माणसं तालुक्याहून पहिल्या एसटीनं आलेली. मनोविकार विभागाचे केसपेपर वेगळे ठेवले जातायत. गठ्ठा ८० चा झाला आणि ओपीडी ९ ते १ चालली, तर एकाच्या वाट्याला ३ मिनिटं येतात. सरकारी मानसोपचारतज्ज्ञ नोकरीत का टिकत नाहीत, ते इथून दिसायला लागतं.

(दृश्य: तपासणीची खोली)

खोली नीट पाहा. मनोविकाराच्या ओपीडीत डॉक्टरांची खुर्ची दाराजवळ हवी, म्हणजे पेशंट बिथरला तर उठून बाहेर पडता येतं. इथे टेबल भिंतीला टेकलेलं, मागे रेकॉर्डचं कपाट आणि डॉक्टर सगळ्यात आत. पडदा आहे, पण पुढचा पेशंट त्याच्या अलीकडेच उभा. अशा खोलीत बाईला नवऱ्याच्या मारहाणीबद्दल विचारणार कसं? मग सगळी तपासणी "झोप लागते का? गोळ्या घेता ना?" एवढ्यावर उरकते.

नव्या पेशंटला खरं तर पाऊण तास लागतो. आजार कधी सुरू झाला, घरात आणखी कुणाला होता, दारू, फिट, थायरॉइड. मग बोलण्याची लय, मूड, संशय, भास, आजाराची जाण. मरणाचे विचार येतात का, हे घाईत विचारलं तर बहुतेकदा "नाही" हेच उत्तर मिळतं.

(दृश्य: रक्ताच्या नळ्या, लेबल लावणारे हात)

मूडच्या आजारावरच्या लिथियम या औषधाची रक्तातली पातळी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी मोजायची असते. रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला रक्त. पेशंट सकाळची गोळी घेऊनच एसटीत बसला, की आकडा फुगतो आणि डोस नाहक कमी केला जातो. हे समजावायला दोन मिनिटं पुरतात, पण हातात तीनच असतात.

क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधाचं त्याहून अवघड. पहिले १८ आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात, कारण त्या अचानक घटू शकतात. १८ वेळा रोजंदारी बुडवून, वर भाडं भरून कोण येणार? मग ज्याला इतर औषधं लागू पडत नाहीत, त्यालाही ते सुरू होत नाही. औषध माहीत असून लिहिता येत नाही, हे या नोकरीतलं सगळ्यात कडू. पगाराचं बोलणं त्यानंतर.

(दृश्य: बंद ईसीटी मशीन, वर चादर)

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी, म्हणजे विजेच्या झटक्याचा उपचार, देता येत नाही. योग्यच आहे. पण भूलतज्ज्ञ सिझेरियनच्या टेबलावर अडकले, की इथली वेळ गेली. मशीन बिघडलेलं नाही, हे मात्र नोंदवून ठेवू.

(दृश्य: दिव्यांग बोर्डाचा दिवस, व्हरांडा)

मानसिक आजाराचं प्रमाणपत्र 'आयडियाज' या मोजपट्टीवर ठरतं. स्वतःची निगा, नातेसंबंध, संवाद व आकलन, काम. प्रत्येकाला ० ते ४ गुण. आजार किती वर्षांचा, याचे १ ते ४. बेरीज ७ झाली की ४० टक्के, आणि योजनांचं दार उघडतं. ६ आणि ७ यांत पेन्शनचा फरक आहे, म्हणून नातेवाइकांना एकेक गोष्ट खोदून विचारावी लागते. काम जबाबदारीचं, मोठं. पण बोर्डाच्या दिवशीही ओपीडीची रांग तेवढीच असते, आणि डॉक्टर तेच.

(दृश्य: रात्र, पोलिसांची गाडी)

स्वतः संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या पेशंटला भरती करायचं, तर मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे पेशंटच्या वतीनं निर्णयात मदत करणाऱ्या माणसाचा, अर्ज लागतो. शिवाय दोघांनी वेगवेगळं तपासायचं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. मुदत ३० दिवस. बाई किंवा अल्पवयीन असेल तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला ३ दिवसांत कळवायचं, एरवी ७ दिवसांत. पेशंटच्या हक्कासाठी हे हवंच. पण जिल्ह्यात तज्ज्ञ एकटाच असला, तर त्याच्या रजेच्या अर्जावर सही करायला कुणी धजत नाही.

देशात लाख लोकांमागे मानसोपचारतज्ज्ञ पाऊणच्या आसपास. असलेलेही थकतात, खासगीत जातात, जागा रिकाम्या राहतात.

(दृश्य: दुपारचे पावणेदोन. निवेदन नाही. टेबलावरचे उरलेले केसपेपर, दाराशी उभी माणसं, पंख्याचा आवाज.)