जिथे कुणालाच पुरलेलं नाही

स्पेनच्या उत्तर भागात बुर्गोस नावाचा प्रांत आहे. तिथल्या सांतो दोमिंगो दे सिलोस या छोट्याशा गावाजवळ डोंगरांच्या मधे एक दरी आहे, गवत, झुडपं, चरणारी गुरं, बाकी काही नाही. 2015 च्या ऑक्टोबरमध्ये तिथे काही माणसं कुदळ-फावडी घेऊन आली आणि खणायला लागली. सरकारी खात्याची नव्हती ती, कुणी त्यांना मजुरी देत नव्हतं, सुट्टीच्या दिवशी यायचे, पाठ मोडेस्तोवर खणायचे आणि घरी जायचे. वीतभर मातीखाली त्यांना दगड लागला. त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा, आणि हळूहळू एक भलामोठा फरसबंदी गोल उघडा पडायला लागला.

ते जे उकरत होते ना, ते एक कबरस्तान होतं. आणि त्या कबरस्तानात कुणालाच पुरलेलं नव्हतं. कधीच.

सॅड हिल. 1966 च्या उन्हाळ्यात इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनीने एका सिनेमाच्या शेवटच्या सीनसाठी ते स्पॅनिश सैन्यातल्या जवानांकडून बांधून घेतलं होतं. पाच हजारच्या वर खोट्या कबरी, मातीचे उंचवटे, त्यावर लाकडी क्रॉस, सगळ्या गोल गोल रांगांमध्ये, आणि मधोमध तो दगडी गोल. शूटिंग संपलं, लोक निघून गेले, क्रॉस कुजले, गवत वाढलं. सिनेमा होता द गुड, द बॅड अँड द अग्ली.

जवळजवळ पन्नास वर्षांनी तो दगडी गोल परत बघावा म्हणून माणसं सुट्ट्या घालवून माती उपसतात, आधी स्पेनमधली, मग फ्रान्स, इटली कुठून कुठून आलेली. एका सिनेमासाठी. का? मला हा प्रश्न खरंच पडला, आणि त्याचं उत्तर शोधायला म्हणून मी सिनेमा परत लावला, कितव्यांदा ते आता आठवत पण नाही.

स्टोरी तशी दोन ओळींची आहे. अमेरिकेत यादवी युद्ध चालू आहे. दोन लाख डॉलरचं सोनं एका कबरीत पुरलंय. टुकोला कबरस्तानाचं नाव माहितीये, ब्लाँडीला कबरीवरचं नाव माहितीये, त्यामुळे दोघांना एकमेकांचा जीव घ्यावासा वाटतो पण घेता येत नाही. आणि त्यांच्या मागावर तिसरा, एंजल आईज. झालं. यात न समजण्यासारखं काही नाही, दहा वर्षांच्या पोराला पण कळेल.

पण लिओनी हे सांगतो कसं ते बघा. पहिला शॉट, ओसाड माळरान, लांबवर डोंगर, आपण निवांत बघतोय, आणि अचानक बाजूने एक चेहरा फ्रेममध्ये सरकतो, इतका जवळ की कातडीवरची भेग न् भेग दिसते. म्हणजे त्याने लांबचा शॉट कट न करता क्लोजअप करून टाकला. आणि मग पहिली दहाएक मिनिटं कुणी एक शब्द बोलत नाही. वारा, कुत्रं, बुटांचा आवाज. एंजल आईज एका घरात शिरतो, घरातला माणूस जेवायला बसलेला, हा समोर बसतो, स्वतःला वाढून घेतो आणि खायला लागतो. दोघं खातायत, दोघांची नजर एकमेकांवर, आणि आपल्याला कळून चुकतं की यातला एक जण हे जेवण पचेपर्यंत जगणार नाहीये. आजकाल दहा सेकंद काही घडलं नाही तर आपण पुढे ढकलतो ना, इथे मात्र हात जातच नाही तिकडे.

मी पहिल्यांदा बघितला तेव्हा हॉस्टेलला होतो, रूमवर पाच जण आणि एक लॅपटॉप, लॅपटॉपचे स्पीकर फाटलेले. कुणी तरी म्हणालं जुना आहे, बोअर होईल, तासाभरात बंद करू. 161 मिनिटांचा सिनेमा आहे हो, पहाटेचे तीन वाजले आणि कुणी उठलं नव्हतं.

चेहऱ्यांबद्दल अजून थोडं, कारण मला वाटतं अर्धा जीव तिथे आहे. त्याआधीच्या हॉलिवूडच्या वेस्टर्नमध्ये, म्हणजे काउबॉयच्या सिनेमांमध्ये, हिरो कसे, दाढी केलेले, शर्टाला इस्त्री. लिओनीची माणसं घामेजलेली, दात किडलेले, ओठ फाटलेले. त्यातले बरेचसे स्पॅनिश आणि इटालियन, जो तो आपापल्या भाषेत बोलायचा आणि आवाज नंतर डब व्हायचा, लिओनीला स्वतःला इंग्लिश धड येत नव्हतं, टुको झालेल्या इलाय वॉलकशी तो फ्रेंचमध्ये बोलायचा. त्यामुळे शब्दांवर भिस्त ठेवून चालणारच नव्हतं, जे सांगायचं ते डोळ्यांनी, हातांनी, आणि थांबण्याने.

आणि वॉलकचा टुको! नावात तो अग्ली आहे, पण फॅन लोकांना विचारा सगळ्यात जवळचा कोण वाटतो, बहुतेक जण टुकोच म्हणतील. क्लिंट ईस्टवुडचा ब्लाँडी कमी बोलतो, भारी दिसतो, त्याच्यासारखं व्हावंसं वाटतं, पण टुको म्हणजे आपल्या ओळखीतला माणूस. खोटं बोलतो, रडतो, देवाचं नाव घेतो, भूक लागते, चिडतो. एक सीन आहे मठातला. टुकोला त्याचा भाऊ भेटतो, भाऊ पाद्री झालाय, वर्षानुवर्षं भेट नाही. भाऊ सांगतो आई कधीचीच गेली, आणि बाबा तर आत्ताच काही दिवसांपूर्वी गेले. टुको आधी हसत होता, मग त्याचा चेहरा बघा. दोघांचं भांडण होतं, टुको म्हणतो आपल्या गरिबीतून बाहेर पडायचे दोनच रस्ते होते, पाद्री व्हायचं नाहीतर डाकू, तू तुझा निवडलास मी माझा, आणि माझाच जास्त कठीण होता. हाणामारी होते, टुको निघून येतो. ब्लाँडीने हे सगळं गुपचूप ऐकलंय. बाहेर आल्यावर टुको त्याला काय सांगतो? की भाऊ माझ्यावर जीव टाकतो, मला जेवल्याशिवाय सोडत नव्हता. आणि ब्लाँडी त्याला उघडं पाडत नाही. स्वतःच्या तोंडातला सिगार त्याला देतो आणि म्हणतो, मस्त जेवणानंतर सिगारसारखं काही नाही. टुको सिगार घेतो, एक झुरका मारतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू येतं. बस. मैत्रीवरचा यापेक्षा चांगला सीन मी तरी बघितलेला नाही, आणि ते दोघं तर मित्र पण नाहीयेत.

मग पूल येतो. एका पुलासाठी दोन सैन्यं रोज दोनदा मरतायत, आणि त्यातल्या एका सैन्याचा कॅप्टन दारू पिऊन पडलाय कारण शुद्धीवर राहून हे बघवत नाही. त्याची एकच इच्छा आहे, हा पूल उडावा. या पुलाचा किस्सा फॅन लोक एकमेकांना सांगतच असतात. आर्लान्सा नदीवर खराखुरा पूल बांधला होता, तो उडवायचा मान मदत करणाऱ्या स्पॅनिश कॅप्टनला दिला, सिग्नलचा शब्द ठरला 'वाय', म्हणजे इटालियनमध्ये 'जा', आणि टीममधल्या कुणीतरी दुसऱ्याच माणसाला घाईत तो शब्द म्हटला. कॅप्टनने स्फोट केला, कॅमेरे चालूच नव्हते! पूल खलास. कॅप्टन इतका ओशाळला की म्हणाला आम्ही परत बांधून देतो, फक्त त्या माणसाला कामावरून काढू नका. सैनिकांनी पूल पुन्हा बांधला, मग पुन्हा उडवला, आणि जो आपण बघतो तो हा दुसरा.

पूल उडाल्यावर लगेच एक छोटा सीन आहे, दोनेक मिनिटांचा. पडक्या भिंतीच्या आड एक कोवळा सैनिक मरायला टेकलाय. ब्लाँडी काही बोलत नाही. आपला लांब कोट काढून त्याच्या अंगावर घालतो, सिगार त्याच्या ओठांशी धरतो. पोरगं एकदोन झुरके घेतं, आणि संपतं. तिथेच बाजूला एक पोंचो पडलेला असतो, तो ब्लाँडी उचलतो आणि अंगावर घालतो. आणि लिओनी-ईस्टवुडचे आधीचे दोन सिनेमे ज्यांनी बघितलेत, 1964 चा आणि 1965 चा, त्यांच्या अंगावर काटा येतो, कारण तो तोच पोंचो, ज्याच्यामुळे ईस्टवुड जगभर ओळखला गेला, आणि आत्ता कळतं की तो आला कुठून.

एवढं सगळं असूनही बऱ्याच समीक्षकांनी तेव्हा नाक मुरडलं होतं. स्पॅगेटी वेस्टर्न हा शब्दच मुळात हिणवायला वापरायचे, इटलीवाले काय काउबॉय दाखवणार म्हणून. अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्टने तेव्हा चारपैकी तीन स्टार दिले होते, आणि कितीतरी वर्षांनी त्याने स्वतः लिहिलं की परीक्षण चार स्टारचं लिहिलं होतं, स्पॅगेटी वेस्टर्न म्हणून बहुधा एक कापला. हे कबूल करायला मोठं मन लागतं, मला ते फार आवडलं.

आपल्याकडे पण या मातीचे कण आलेत. शोलेमधल्या ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्याकांडाचा सीन लिओनीच्याच 1968 च्या सिनेमावरून घेतलाय, आणि शोलेमधली ती ट्रेनवरची मारामारी आपल्या पनवेलजवळच्या रुळांवर शूट झाली. म्हणजे हा सिनेमा न बघितलेल्या माणसाने पण लिओनी थोडाफार बघितलेलाच असतो.

आता संगीत. संगीतकार एन्नियो मॉरिकोने आणि लिओनी रोमच्या शाळेत एका वर्गात होते, लहानपणी, आणि मोठेपणी कामानिमित्त भेटले तेव्हा ते लक्षात आलं. टायटलची ती धून कोल्हेकुईवरून सुचलेली आहे, कायोटीच्या ओरडण्यावरून, आणि तीच धून तिघांसाठी तीन वेगळ्या आवाजात येते, ब्लाँडीला बासरी, एंजल आईजला ओकारिना नावाचं छोटं फुंकवाद्य, टुकोला माणसांचे आवाज. ती शीळ आलेस्सांद्रो आलेस्सांद्रोनीची. या सिनेमाच्या वेळी काही धुना शूटिंगच्या आधीच तयार होत्या, त्यामुळे कॅमेरा आणि संगीत एकमेकांच्या हातात हात घालून चालतात.

कैद्यांच्या छावणीत पण संगीत आहे, पण तिथे ऐकवत नाही. आत टुकोला मारहाण चाललीये, किंकाळ्या बाहेर जाऊ नयेत म्हणून बाहेर कैद्यांना वाद्यं वाजवायला लावलीत, आणि व्हायोलिन वाजवणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय. इतकी सुंदर धून आणि तिचा असा उपयोग.

आणि मग सॅड हिल. टुको धडपडत एका कबरीच्या दगडावर आदळतो, मान वर करतो आणि त्याला दिसतं, नजर पोचेल तिथपर्यंत कबरीच कबरी. तो पळायला लागतो. आधी हळू, मग जोरात, मग कॅमेरा त्याच्याबरोबर गरागरा फिरायला लागतो, क्रॉसच्या रेघा होतात, आणि त्यावर गायिका एद्दा देल्लोर्सोचा आवाज, एकही शब्द नाही, नुसता आवाज, वर वर चढत जाणारा. मेटॅलिका बँड 1983 पासून आपले कॉन्सर्ट याच तुकड्याने सुरू करतो, ज्यांनी सिनेमा बघितला नाही अशी हजारो पोरं अंधारात तो आवाज काढत उभी असतात.

त्यानंतर तो दगडी गोल, तीन माणसं, तीन कोपरे. आधी इतक्या लांबून की ती मुंग्यांएवढी दिसतात. मग बेल्ट, बंदूक, हात, डोळे, परत हात. चारपाच मिनिटं जवळपास कुणी बोलत नाही. एंजल आईज झालेल्या ली व्हॅन क्लीफच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक नव्हतं, ते क्लोजअपमध्ये दिसतं, एकदा दिसलं की दर वेळी नजर तिथेच जाते. कट जवळ जवळ यायला लागतात, ट्रंपेट चढतो, आणि.

ज्यांनी बघितला नाही त्यांनी इथे व्हिडिओ थांबवा, खरंच.

टुकोची बंदूक रिकामी असते. ब्लाँडीने आदल्या रात्रीच गोळ्या काढून ठेवल्यात. पहिल्यांदा बघताना आपण टुकोएवढेच अडाणी असतो, तीन बंदुका मोजत बसतो. दुसऱ्यांदा बघताना आपल्याला ब्लाँडीएवढं माहिती असतं, आणि मग कळतं की त्या गोलात त्याला खरी भीती एकाचीच होती, आणि बाकीची सगळी वाट बघणं टुकोच्या कपाळावरच्या घामासाठी होतं. तोच सीन, तेच शॉट, आणि दोन वेगळे सिनेमे.

2003 मध्ये इंग्लिश प्रिंटमध्ये कापलेले सीन परत जोडले, तेव्हा त्यांना इंग्लिश आवाजच नव्हता. ईस्टवुड आणि वॉलक परत आले, पस्तीसएक वर्षांनी, आणि आपल्याच तरुण चेहऱ्यांना आवाज दिला. व्हॅन क्लीफ 1989 ला गेला होता, त्याच्यासाठी दुसरा आवाज घ्यावा लागला. कान देऊन ऐकलं तर त्या सीनमध्ये टुको एकदम म्हातारा होतो आणि पुढच्या सीनला परत तरुण. काहींना ते खटकतं. मला ते ऐकताना दर वेळी गलबलून येतं.

2016 च्या जुलैमध्ये, शूटिंगला पन्नास वर्षं झाली तेव्हा, त्या उकरलेल्या गोलात रात्री पडदा लावून सिनेमा दाखवला, आणि ईस्टवुडने व्हिडिओवरून त्या खणणाऱ्या लोकांचे आभार मानले. या सगळ्यावर गिलेर्मो दे ओलिव्हेइराने 2017 मध्ये डॉक्युमेंटरी केलीये, त्यात मॉरिकोने पण बोललेत. क्रॉस परत उभे करायला पैसे हवे होते, म्हणून त्या लोकांनी एक शक्कल काढली, 15 युरो द्या, एका क्रॉसवर तुमचं नाव लिहू. लोकांनी दिले. त्यामुळे आता तिथल्या कबरींवर जिवंत माणसांची नावं आहेत, आणि ती माणसं आपापली कबर शोधायला कुटुंबाला घेऊन जातात, बाजूला उभं राहून फोटो काढतात, हसतात.

आणि तिथे गेलेले लोक पळतात. फोनवर ती धून लावायची आणि कबरींच्या मधून सुटायचं, लहान पोरं, पोट सुटलेले काका, कुणी कुणाकडे बघत नाही. शेवटी आर्च स्टँटनचं, म्हणजे ब्लाँडीने सांगितलेलं खोटं नाव लिहिलेल्या क्रॉसपाशी येऊन थांबतात, गुडघ्यांवर हात टेकून दम खातात, आणि मग मान वळवून शेजारची, नाव नसलेली, सिनेमात जिच्यात सोनं होतं ती कबर बघतात.