दुसरा डोस राहिलेल्यांसाठी

नमस्कार. नागपूर शहरातल्या आणि आसपासच्या गावांमधल्या माझ्या सगळ्या बंधू-भगिनींना, आई-बाबांना, आजी-आजोबांना नमस्कार. आमदार म्हणून आज मी आपल्याशी रेडिओवरून बोलते आहे, कारण ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यापर्यंतही मला पोहोचायचं आहे.

जुलै २०२१ चा हा दुसरा आठवडा. शहरातली रुग्णसंख्या बरीच खाली आली आहे. मेडिकल आणि मेयो या आपल्या दोन सरकारी दवाखान्यांच्या कोविड वॉर्डांत आता खाटा रिकाम्या दिसतात. 'ताई, कुठं बेड मिळते का?' म्हणून रात्री-बेरात्री येणारे फोन थांबले आहेत. देवाची कृपा म्हणा, डॉक्टर-नर्सची मेहनत म्हणा, आपण सगळे थोडे सावरलो आहोत. आणि नेमक्या याच वेळी लसीच्या केंद्रावर दुसऱ्या डोसासाठी येणारी कितीतरी माणसं येईनाशी झाली आहेत. आज मला बोलायचं आहे ते त्यांच्याशी.

एप्रिल आठवा. फेब्रुवारीत अमरावतीत टाळेबंदी लागली तेव्हा आपल्यातल्या पुष्कळांना वाटलं, ते तिकडचं आहे. १५ मार्चला नागपुरात कडक निर्बंध आले. एप्रिलमध्ये गंगाबाई घाट, मोक्षधाम, अंबाझरी या स्मशानघाटांवर जे आपण पाहिलं ते मी इथं पुन्हा सांगत नाही. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांना ते सांगायची गरज नाही. २३ एप्रिलला विशाखापट्टणमहून प्राणवायू घेऊन आलेली रेल्वे नागपूर स्टेशनात पोहोचली, तिचे तीन टँकर आपल्याकडे उतरवले आणि बाकीचे पुढे नाशिकला गेले. भिलाईच्या पोलाद कारखान्याकडून येणाऱ्या टँकरची वाट सगळं शहर पाहत होतं. अमरावतीचा आजार नागपूरला पोहोचायला तेव्हा महिनाही लागला नाही. म्हणून आज दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या देशात रुग्ण वाढल्याची बातमी आली की मी ती आपल्या शहराची बातमी समजून वाचते.

आता डोसाचा हिशोब नीट ऐका. आपल्याकडे बहुतेकांनी घेतली ती कोविशील्ड, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची. इंग्लंडमध्ये हीच लस ॲस्ट्राझेनेका या नावानं दिली जाते. आपल्याकडे दुसऱ्या लाटेत धुमाकूळ घालणारा डेल्टा विषाणू तिथंही पसरला, आणि तिथल्या आरोग्य खात्यानं मे-जूनमध्ये त्याचे आकडे जाहीर केले. डेल्टामुळे लक्षणं दिसण्याइतकं आजारी पडण्यापासून एका डोसानं साधारण ३३ टक्के संरक्षण मिळालं, दोन डोसांनी ६० टक्के. दवाखान्यात भरती होण्यापासून मात्र एका डोसानं ७१ टक्के, आणि दोन डोसांनी ९२ टक्के. ९२ टक्क्यांचा अर्थ असा, की लस न घेतलेल्यांपैकी जिथं १०० जणांना खाट लागली असती, तिथं दोन डोस घेतलेल्या तेवढ्याच लोकांत ८ जणांना लागते. एप्रिलमध्ये शंभरच्या जागी आठच माणसं मेडिकलच्या दारात उभी असती तर काय झालं असतं, याचा विचार तुम्हीच करा.

लस घेतल्यावरही कोरोना होतो, मग घ्यायची कशाला, असं मला पानठेल्यापासून लग्नाच्या मांडवापर्यंत सगळीकडे विचारतात. होतो, हे खरं आहे. लस घेतलेल्या माणसाला ताप येऊ शकतो, खोकला येऊ शकतो, तो दुसऱ्याला लागणही देऊ शकतो. म्हणून मास्क सुटलेला नाही. पण ऑक्सिजन लागणं, व्हेंटिलेटरवर जाणं, घरी परत न येणं, ही पाळी फार कमी जणांवर येते. मला माझ्या मतदारांसाठी तेच हवं आहे.

तारखांचा गोंधळ झाला, तो मी समजू शकते. जानेवारीत कोविशीलडच्या दोन डोसांमध्ये ४ ते ६ आठवडे सांगितले. मार्चमध्ये ६ ते ८ झाले. मेच्या १३ तारखेला १२ ते १६ आठवडे ठरले. किती तरी म्हातारी माणसं रिक्षाचे पैसे देऊन केंद्रावर गेली आणि 'अजून तुमची वेळ झाली नाही' असं ऐकून परत आली. एकदा असं परत आलेलं माणूस पुन्हा घराबाहेर पडायला कचरतं. तर आता पक्कं लक्षात ठेवा. कोविशील्ड असेल तर पहिल्या डोसापासून ८४ दिवस झाले की जा. कोव्हॅक्सिन असेल तर २८ दिवस झाले की जा. ४५ वर्षांवरच्या सगळ्यांसाठी लस १ एप्रिलला खुली झाली. तेव्हा पहिल्या आठवड्यात ज्यांनी कोविशील्ड घेतली त्यांचे ८४ दिवस भरलेसुद्धा. सोळा आठवडे उलटून गेले असतील तरी घाबरू नका. पहिला डोस वाया गेलेला नाही, नव्यानं सुरुवात करायची नाही, फक्त दुसरा घ्यायचा. मध्ये कोरोना होऊन गेला असेल तर बरं झाल्यापासून तीन महिने थांबा आणि मग घ्या.

२१ जूनपासून १८ वर्षांवरच्या कुणालाही सरकारी केंद्रावर फुकट लस मिळते आणि आधी मोबाइलवर नोंदणी करण्याची सक्ती उरलेली नाही. आधार, मतदान ओळखपत्र, पॅन, लायसन्स, पेन्शनचं पुस्तक, यातलं काहीही एक घेऊन जा, नोंदणी तिथंच होईल. मोबाइल घरात एकच असेल तर त्यावर चार जणांची नोंदणी होते. खासगी दवाखान्यात कोविशीलडला ७८० रुपये पडतात, कोव्हॅक्सिनला १,४१०. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर तिकडे घ्यावी, तेवढी सरकारी रांग कमी होईल. आणि सरकारी केंद्रावर कुणी एक रुपया जरी मागितला, तर ते मला कळलं पाहिजे.

आता लस न घेणाऱ्यांबद्दल. पुष्कळ जण म्हणतात, वस्तीतली माणसं अडाणी आहेत, अफवांवर जातात. मला हे मान्य नाही. कळमन्याच्या बाजारात पोती उचलणारा एक माणूस मला म्हणाला, 'ताई, सुई घेतली अन् ताप आला तं दोन दिवसाची रोजी जाते. मंग पोट्ट्यायले का खाऊ घालू?' हा माणूस अडाणी आहे का? त्यानं घरचा हिशोब मांडला होता, आणि तो हिशोब चुकीचा नव्हता. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे ती मालकांना, ठेकेदारांना, अडत्यांना, हिंगणा आणि बुटीबोरीतल्या कारखानदारांना. मजूर लस घेऊन आला की त्याला दुसऱ्या दिवशीची रोजी द्या. एका दिवसाच्या रोजीनं तुमचं दुकान बुडणार नाही. तुमच्या दुकानात आजार शिरला तर मात्र किती दिवस शटर पाडावं लागतं, हे तुम्ही दोनदा भोगलं आहे. सध्या बहुतेक दुकानं दुपारी ४ ला बंद होतात आणि शनिवार-रविवार उघडतच नाहीत. व्यापारी बांधवांचा यावर राग आहे, तो त्यांनी माझ्याकडे बोलून दाखवला आहे आणि मी तो वरपर्यंत पोहोचवला आहे. पण जोवर ही वेळ आहे तोवर तिचा उपयोग करा. शुक्रवारी माणसांना केंद्रावर पाठवा. ताप आलाच तर शनिवार-रविवारात उतरेल.

ताप, अंग दुखणं, दंड दुखणं हे एक-दोन दिवस होतं. पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या, आराम करा. सुई घेतल्यावर केंद्रावर अर्धा तास बसायचं, ते टाळू नका. क्वचित कुणाला ॲलर्जी आली तर ती बहुधा तेवढ्यातच दिसते, आणि तिथं औषध हाताशी असतं.

मूल होत नाही, ही अफवा अनेक घरांत सुनांना आणि मुलींना अडवून बसली आहे. कोव्हॅक्सिनमध्ये मारलेला विषाणू असतो, तो वाढू शकत नाही. कोविशीलडमध्येही शरीरात वाढू न शकणारा विषाणू वापरला आहे. बाळाला पाजणाऱ्या आयांना तर मे महिन्यापासूनच परवानगी आहे, आणि २ जुलैला केंद्र सरकारनं गरोदर बायांनाही लस घ्यायला परवानगी दिली. सासूबाईंनो, सुनेला घेऊन तुम्हीच केंद्रावर चला. गरोदरपणात कोरोना झाला तर आई आणि बाळ दोघांनाही धोका वाढतो, म्हणून ही परवानगी दिली आहे. मनात शंका असेल तर जिथं तपासणीला जाता त्या डॉक्टरांनाच विचारा.

एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे, आणि ती सगळ्यांच्या उपयोगाची आहे. कोविशीलडच्या एका कुपीत दहा डोस असतात. कुपी एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागते, उरलेलं फेकून द्यावं लागतं. छोट्या केंद्रावर दुपारी तीनच माणसं आली तर नर्सताई म्हणतात, थोडं थांबा. माणसाला वाटतं, आपल्याला टाळतात. त्या टाळत नाहीत, सात जणांची लस वाचवत असतात. म्हणून एकटे जाऊ नका. गल्लीतले आठ-दहा जण मिळून जा. बचतगटाच्या बायांनो, गणेश मंडळाच्या पोरांनो, मशिदीच्या, विहाराच्या, मंदिराच्या समित्यांनो, हे काम तुमच्याइतकं चांगलं दुसरं कुणी करणार नाही. कुणाचा दुसरा डोस कधी आहे याची एक वही करा. बस, एवढंच.

पण लस असेल तर ना, असं तुम्ही म्हणाल. तेही खरं आहे. अनेक दिवस केंद्राच्या दारावर 'आज लस उपलब्ध नाही' अशी पाटी लागते, आणि सकाळी सहापासून रांगेत बसलेल्या माणसाला ती नऊ वाजता दिसते. केंद्र सरकारकडून राज्याला आणि राज्याकडून महापालिकेला जेवढा साठा येतो तेवढाच देता येतो, हे मला कळतं. पण उद्या कोणतं केंद्र चालू आहे, कोणती लस आहे, किती आहे, हे आदल्या संध्याकाळी सांगायला जास्तीची कुपी लागत नाही. दहाही झोनमध्ये ही माहिती संध्याकाळीच दारावर लावावी आणि रेडिओवरून सांगावी, हा माझा आग्रह आहे आणि तो मी सोडणार नाही. साठा कमी असेल त्या दिवशी दुसऱ्या डोसवाल्यांचा नंबर आधी लागावा, असंही माझं मत आहे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं काय? लकवा मारलेले, हाड मोडलेले, नव्वदी ओलांडलेले. यांना केंद्रापर्यंत न्यायचं कसं? मुंबई उच्च न्यायालयात यावर सुनावणी चालू आहे, आणि घरी जाऊन लस देण्याचा प्रयोग पुण्यातून सुरू करू, असं राज्य सरकारनं सांगितलं आहे. तो नागपुरात लवकर यावा म्हणून मी बोलते आहे. तोवर घराजवळच्या समाजभवनात, शाळेत, वृद्धाश्रमात केंद्र लावायला केंद्र सरकारच्या मेमधल्या सूचनांनुसार मुभा आहे. तुमच्या वस्तीत अशी जागा असेल, तळमजल्यावर, पंखा आणि पाण्याची सोय असलेली, तर माझ्या कार्यालयात कळवा. जागा मिळवणं हाच निम्मा खोळंबा असतो.

हे सगळं शेवटी ज्यांच्या पायावर चालतं त्या आशाताई. पोलिओचा डोस घेऊन दार ठोठावणारे हे आरोग्य कर्मचारीच होते, आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला तो त्यांच्यामुळे. याच जूनमध्ये आशाताईंना संपावर जावं लागलं, तेव्हा कुठं त्यांच्या मोबदल्यात महिन्याला १,५०० रुपयांची वाढ मिळाली. माझ्या मते ही वाढ पुरेशी नाही, आणि सभागृहात मी तेच म्हणणार आहे. तुमच्या दारात आशाताई आली तर तिला उन्हात उभी ठेवू नका. तिच्यावर ओरडू तर मुळीच नका.

ऑक्सिजनबद्दल थोडक्यात. यंदा आमदार निधीतला एक कोटीपर्यंतचा पैसा कोविडच्या कामाला वापरायची मुभा मिळाली आहे. हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे प्रकल्प दवाखान्यांत उभे राहत आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण ते विजेवर चालतात, त्यांना जनरेटर लागतो, त्यातले फिल्टर वेळेवर बदलावे लागतात, चालवायला शिकलेला माणूस चोवीस तास लागतो. फीत कापून झाल्यावर वर्षभरानं ते यंत्र चालू आहे का, हे पाहणं माझं काम आहे, आणि ते मला विचारणं तुमचं काम आहे.

कोरोनातून उठलेल्यांनी, विशेषतः साखरेच्या रुग्णांनी, चेहऱ्याची एक बाजू दुखली, नाकातून काळसर पाणी आलं, दात हलू लागले, एकाचे दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ही काळी बुरशी असू शकते. तिच्यावरचे उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतात, रेशन कार्ड बरोबर न्या.

पोळा येतोय, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीला परवानगी मिळणार का, असं लोक मला आत्ताच विचारतात. मारबत ही आपल्या नागपूरची शान आहे. पण दोन महिन्यांनी रुग्ण किती असतील हे आज सांगता येत नाही, म्हणून मी शब्द देत नाही.

शेवटचं, आणि हे माझ्या फार जिवाजवळचं आहे. या आजारात ज्या मुलांचे आई आणि वडील दोघंही गेले, त्यांच्या नावे ५ लाख रुपयांची मुदत ठेव ठेवण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं जूनमध्ये घेतला आहे. शिवाय बालसंगोपन योजनेतून दर महिन्याला मदत मिळते, आणि एक पालक गेला असेल तरी या योजनेसाठी अर्ज करता येतो. ही मुलं आज मामाकडे, आजीकडे, शेजाऱ्यांकडे आहेत, आणि सांभाळणाऱ्यांना अनेकदा या योजना माहीतच नसतात. तुमच्या ओळखीत असं एकही मूल असेल तर १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरवर फोन करा, तो फुकट लागतो. नाहीतर जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जा. मृत्यूचा दाखला, कोरोना असल्याचा रिपोर्ट, मुलाचा जन्मदाखला आणि आधार एवढं बरोबर ठेवा. यातलं एखादं कागद नसेल तरी थांबू नका. माझ्या कार्यालयात या, कागद काढायला माझी माणसं तुमच्याबरोबर येतील. लसीबद्दल काही विचारायचं असेल तर १०७५ हा केंद्र सरकारचा मदत क्रमांक आहे.

नमस्कार.